भिंत गेली, खंदक राहिला

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात चर्चच्या मागे कुरण असतं. गाई चरत असतात, कडेला ओकची दोन-चार झाडं असतात. भर दुपारी तिथे उभं राहिलात तर थोडं खालीवर असलेलं हिरवं रान, एवढंच दिसेल. डिसेंबरात दुपारी साडेतीनला, सूर्य मावळतीला टेकलेला असताना पुन्हा या. त्याच कुरणात सावल्यांचा एक ठसठशीत चौकोन उमटलेला दिसतो. कडेने दहा-बारा पावलं रुंद घळ, आत सपाट उंचवटा, एका बाजूने आत शिरायला मातीची वाट. एका कोपऱ्यात पाणी साचलेलं, त्यात लव्हाळी.

हा एका वाड्याचा अवशेष आहे. सात-साडेसातशे वर्षांपूर्वी या चौकोनात गावच्या मालकाचं घर होतं आणि भोवती पाण्याने भरलेला खंदक. आता घराचा एक दगडही वर दिसत नाही. अशा खंदकवेढ्या जागेला इंग्रजीत 'मोटेड साइट' म्हणतात आणि जमिनीत उरलेल्या या चढउतारांना 'अर्थवर्क'. आपण त्यांना मातीच्या खुणा म्हणू. इंग्लंडमध्ये अशा खंदकवेढ्या जागा सुमारे ६,००० माहीत आहेत. त्यांतल्या काहींत अजून घरं उभी आहेत, पण कितीतरी ठिकाणी उरली आहे ती माती.

मराठवाड्यात किंवा वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला हे चित्र अगदी परकं वाटू नये. देशमुखांची किंवा पाटलांची गढी पडली की गावाच्या मधोमध मातीचा ढिगारा उरतो. लोक तिची पांढरी माती आपापल्या घरासाठी नेतात, आणि दर पावसाळ्यात ढिगारा थोडा थोडा बसत जातो. फरक इतकाच, की गढी ओळखू येते ती उंचवट्यावरून आणि हे इंग्रज वाडे ओळखू येतात ते खळग्यावरून.

मॅनर म्हणजे नेमकं काय

आज मॅनर म्हटलं की मोठं जुनं घर डोळ्यांसमोर येतं. मध्ययुगात मात्र हा शब्द आधी जमिनीच्या व्यवस्थेचा होता. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, राजाने देशभरच्या जमिनींची मोजदाद करवून घेतली. त्या 'डूम्सडे' दप्तरात एकामागून एक नोंदले आहेत ते मॅनर. एका मालकाच्या ताब्यातली जमीन, तिच्यावरची कुळं, नांगर, कुरणं, जंगल, गिरणी, असा सगळा कारभार मिळून एक मॅनर. कधी त्यात पूर्ण गाव यायचं, कधी अर्धं, कधी दोन-तीन वाड्या.

जमिनीचा एक हिस्सा मालक स्वतःसाठी राखून ठेवायचा. त्यावर कुळांना आठवड्यातले ठरावीक दिवस राबावं लागे, म्हणजे वेठच. उरलेल्या जमिनीवर कुळं आपलं पोट भरत. आणि मालकाच्या घरी मॅनरचं न्यायालय भरे. कोणाची गुरं कोणाच्या पिकात शिरली, बाप मेल्यावर तुकडा कोणाच्या नावे करायचा, कोण कामाला आला नाही, हे सगळं तिथे निकाली निघे आणि दंड वसूल होई. म्हणून या घराचा मुख्य भाग म्हणजे एक मोठं, उंच छताचं दालन. इंग्रजीत त्याला नुसतं 'हॉल' म्हणतात. मला त्याला 'सदर' म्हणणं जास्त बरोबर वाटतं. तिथेच न्याय, तिथेच पंगत, आणि रात्री नोकरचाकरांची पथारीही तिथेच.

सदरेच्या एका टोकाला मालकाच्या कुटुंबाची खासगी खोली, दुसऱ्या टोकाला पेयं आणि पाव ठेवायच्या कोठ्या. आगीच्या भीतीने मुदपाकखाना बहुधा वेगळा, थोडा लांब. ऐपत असेल तर छोटं प्रार्थनाघर. कोठारं, तबेले, गोठे हे खंदकाच्या आत किंवा बाहेरच्या आवारात. जवळपास कबुतरखाना, तो बांधायचा हक्क मालकाचा, पण कबुतरं दाणे टिपायची कुळांच्या शेतातले. आणि मत्स्यतळी. ख्रिस्ती धर्माच्या नियमाने शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य होतं, त्यामुळे समुद्रापासून लांब राहणाऱ्या श्रीमंताला स्वतःचे जिवंत मासे हाताशी असणं गरजेचं वाटे.

खंदक कशासाठी

खंदक म्हटलं की आपल्याला नगरचा किंवा परांड्याचा भुईकोट आठवतो, आणि खंदक म्हणजे लढाई हे समीकरण मनात पक्कं बसलेलं असतं. इथे ते बाजूला ठेवावं लागतं. या मॅनरच्या खंदकांना आतून तटबंदी बहुतेकदा नसतेच, बुरूज नसतात. कित्येक खंदक तर तीनच बाजूंनी खणलेले आहेत. चौथ्या बाजूने शत्रू सरळ चालत आला असता. फौजेला अडवायचं असतं तर कोणी असं केलं नसतं.

मग खणायचे कशाला? सगळ्यात मोठं कारण प्रतिष्ठा. सरदारांचे, राजाचे किल्ले पाण्याने वेढलेले असत. लहान जमीनदाराला किल्ला परवडणार नव्हता. पण कुदळ, फावडं आणि माणसं त्याच्याकडे होती. घराभोवती पाणी आलं की पुलावरून आत येणाऱ्या कुळाला आपण कोणाच्या दारात उभे आहोत हे वेगळं सांगावं लागत नसे. कंगोरेदार तटासाठी राजाचा परवाना घेण्याची रीत होती; यॉर्कशरमधल्या मार्केनफील्ड हॉलला तसा परवाना १३१० मध्ये मिळाला, आणि तो वाडा खंदकासकट आजही उभा आहे.

पण फक्त मिरवण्यासाठी एवढी माती कोणी उपसली, असंही नाही. यातले बहुतेक खंदक इंग्लंडच्या मध्य आणि पूर्व भागांत आहेत, एसेक्स आणि सफोकमध्ये तर फारच दाट. तिथली जमीन चिकणमातीची. अशा जमिनीत पाणी मुरत नाही. म्हणून खंदकात पाणी टिकतं, आणि त्याच कारणाने घराची जागा मात्र पावसात चिखल होऊन बसते. खंदक खणला की दोन्ही कामं एकदम होतात: आसपासचं पाणी त्यात उतरतं आणि निघालेली माती आतल्या बाजूला टाकून जागा उंच करता येते.

हिशोब करून पाहू. आतलं बेट ५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद धरा. भोवती १० मीटर रुंदीचा खंदक. खंदकाचं क्षेत्रफळ होतं २,४०० चौरस मीटर. खोली मध्यभागी २ मीटर आणि दोन्ही कडा उतरत्या, म्हणजे सरासरी १ मीटर. निघालेली माती सुमारे २,४०० घनमीटर. ती सगळी २,५०० चौरस मीटरच्या बेटावर पसरली तर बेट जवळपास मीटरभर उंच होईल. कुरणात आजही आतला भाग बाहेरच्या शेतापेक्षा वर का दिसतो, याचं उत्तर बऱ्याचदा या साध्या गणितात असतं.

शिवाय चोर, मोकाट गुरं, हरणं यांना अडवायला खंदक पुरेसा. आग लागली तर पाणी दारात. मासे, बदकं. आणि हेही सांगायला हवं, की शौचकूपही पुष्कळदा त्याच पाण्यावर उघडत. पुरातत्त्वज्ञांना या गोष्टीचा फार उपयोग झाला आहे. तो पुढे येईलच.

हे खंदक खणण्याचा भर साधारण १२५० ते १३५० या शंभर वर्षांत होता. लोकसंख्या वाढत होती, धान्याला भाव होता, जंगल तोडून नवी शेतं निघत होती. या नव्या शेतांवर ज्यांचं बस्तान बसलं त्या स्वतंत्र शेतकऱ्यांनीही खंदक खणले. मॅनरचा मालक नसलेला, पण चार पैसे राखून असलेला माणूस वरच्या पायरीची नक्कल करतो, हे वॉरविकशरच्या आर्डन भागातल्या खंदकांवरून चांगलं दिसतं.

शब्दाचीही एक गंमत आहे. 'मोट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ खंदक नव्हता, टेकाड होता. नॉर्मन लोक मातीचं टेकाड रचून त्यावर किल्ला बांधत. टेकाडासाठी खणलेल्या चराला हळूहळू टेकाडाचंच नाव चिकटलं.

माती कशी वाचतात

जाणकार माणूस अशा कुरणात आधी काही खणत नाही. तो चालतो. उतार कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कोणती कड तीक्ष्ण आहे, कोणती झिजलेली, हे पायांना कळतं. मग मोजणी करून नकाशा काढतात. त्यात उतार दाखवायला थेंबासारख्या बारीक रेघा असतात: जाड टोक उताराच्या माथ्याला, निमुळती शेपटी खाली. या खुणा एकदा वाचता आल्या की कागदावर कुरण उभं राहतं.

पहिला प्रश्न असतो पाण्याचा. पाणी कुठून आत आलं आणि कुठून बाहेर गेलं? एखाद्या कोपऱ्यात खंदकाला मिळणारी अरुंद चारी सापडते, ती ओढ्याकडे जाते. दुसऱ्या टोकाला बांध. जमीन उतरती असेल तर खालच्या बाजूला मोठा बांध हवाच, नाहीतर वरचा खंदक कोरडा पडेल. दुसरा प्रश्न वाटेचा. आत जाणारी मातीची वाट मूळची आहे की खंदक निकामी झाल्यावर शेतकऱ्याने गाडी नेण्यासाठी भर टाकली? आधी तिथे लाकडी पूल असेल तर त्याचे खांब वाटेखालच्या गाळात उभे असू शकतात.

तिसरी खूण सगळ्यात चकवणारी. बेटावर कधी कधी अरुंद चर दिसतात, काटकोनात वळलेले. वाटतं, ही गटारं असावीत. बऱ्याचदा तिथे भिंत होती. घर ओसाड पडल्यावर गावकऱ्यांनी भिंतीचे दगड पायापर्यंत उकरून नेले, गोठ्याला, कुंपणाला, चर्चच्या डागडुजीला. जिथे भिंत होती तिथे चर उरला. म्हणजे घराचा आराखडा जमिनीवर उलटा छापला गेला: उंच असायला हवं तिथे खोल. ही गोष्ट समजल्यावर अशा जागांकडे बघायची माझी नजर कायमची बदलली.

बाहेरचं शेतही वाचायचं असतं. मध्ययुगीन शेतांवर मातीचे रुंद लांबट वरंबे असत. आपल्या उसाच्या सरी-वरंब्यासारखेच, पण कितीतरी पट रुंद. वरून पाहिलं तर ते सरळ नसतात. उलट्या 'एस' या इंग्रजी अक्षरासारखा मंद बाक असतो. कारण बैल. जड मातीत नांगराला आठ बैलांपर्यंत जोडी लागे आणि एवढी लांब रांग बांधावर पोचून एकदम वळवता येत नाही. नांगऱ्या शेताच्या टोकाच्या आधीच त्यांना वळणावर घ्यायचा, आणि पिढ्यानपिढ्या तसंच नांगरत गेल्यावर वरंब्यालाच वळण पडलं. आता हे वरंबे खंदकापाशी येऊन नीट थांबत असतील, तर खंदक आधीचा किंवा दोन्ही एकाच काळातले. खंदकाने वरंबे मध्येच कापले असतील, तर शेत जुनं आणि वाडा नवा. एकही खड्डा न घेता आधी काय आणि नंतर काय हे कळतं.

झाडंझुडपंही साक्ष देतात. खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल नावाची वनस्पती फॉस्फेट असलेल्या मातीत माजते, आणि जिथे माणसं-जनावरं दीर्घकाळ राहिली तिथे मातीत फॉस्फेट साठलेलं असतं. कोरड्या उन्हाळ्यात गाडलेल्या भिंतीवरचं गवत आधी पिवळं पडतं, बुजलेल्या चरावरचं शेवटपर्यंत हिरवं राहतं. २०१८ च्या उन्हाळ्यात ब्रिटनभर अशा कितीतरी आकृत्या हवाई छायाचित्रांत उमटल्या.

विमानातून जमीन वाचायची ही कला इंग्लंडमध्ये रुजवली ती ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी, पहिल्या महायुद्धानंतर. आता विमानातून लेझरचे झोत सोडून जमिनीची उंची मोजतात. त्या पद्धतीला लायडार म्हणतात. काही झोत पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, त्यामुळे संगणकावर झाडं काढून टाकून खालची माती उघडी करता येते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने ही माहिती २०१५ पासून सर्वांना फुकट खुली केली आहे. आज नागपूरला किंवा डोंबिवलीला बसून सफोकमधला खंदक शोधता येतो.

कॉर्नवॉलमधलं पेनहॅलम

मातीखाली काय असतं, हे बघायला पेनहॅलमसारखी जागा नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, जेकबस्टो गावाजवळच्या खोऱ्यात ही जागा आहे. कार्डिनहॅम नावाच्या बलाढ्य घराण्याचा हा मॅनर. आधी इथे मातीच्या गोल तटाचं साधं ठाणं होतं. पुढे ११८० ते १३०० च्या दरम्यान टप्प्याटप्प्याने दगडी वाडा उभा राहिला. मधे चौक आणि चार बाजूंना चार सोपे, अगदी आपल्या चौसोपी वाड्यासारखी रचना. भोवती खंदक, आणि आत यायला उचलता येणारा पूल. सदर, खासगी खोली, प्रार्थनाघर, स्वयंपाकाच्या आणि साठवणीच्या खोल्या, सगळं एकाच वेढ्यात.

चौदाव्या शतकाच्या मध्याला वाडा सुटला. त्यावर पुन्हा कोणी काही बांधलं नाही. हीच या जागेची पुण्याई. १९६८ ते १९७३ या काळात गाय बेरेसफर्ड यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा नंतरच्या शतकांची कसलीही भेसळ नसलेला तेराव्या शतकातल्या वाड्याचा पूर्ण आराखडा हाती आला. आज तिथे गवताने झाकलेल्या गुडघ्याएवढ्या भिंती आणि खंदक दिसतो. प्रवेश मोफत आहे. कुरणातल्या चौकोनात कुठे काय असावं याचा अंदाज बांधायला ही जागा किल्लीसारखी उपयोगी पडते.

सगळीकडे दगड मात्र नसतो. एसेक्समधल्या रिटल इथे राजा जॉनने १२११ च्या सुमारास शिकारीसाठी मुक्कामाची जागा बांधली, खंदकासकट. तिथल्या इमारती लाकडाच्या होत्या. १९५५ ते १९५७ मध्ये फिलिप राट्झ यांनी खणलं तेव्हा घर वाचायचं होतं ते मातीतल्या डागांवरून. लाकूड कुजतं तिथे मातीचा रंग बदलतो, आणि फावड्याऐवजी करणीने हळू खरवडलं तर खांबाचा गोल काळा डाग दिसतो. राजाचं घर आणि उरले डाग. खंदक मात्र जमिनीत आजही आहे.

आता ते शौचकूप. खंदकाच्या तळाचा गाळ सतत ओला राहिला असेल तर त्यात हवा शिरत नाही, आणि हवा नसली की कुजवणारे जंतू काम करू शकत नाहीत. त्यामुळे चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे, पुलाचे खांब, फळांच्या बिया, फुलांचे परागकण, सगळं टिकतं. बियांवरून जेवणात काय होतं ते कळतं, परागकणांवरून आसपास कोणती झाडं होती ते. ओकचा खांब सापडला तर त्याच्या वर्तुळांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं इथपर्यंत पोचता येतं. वरच्या घरापेक्षा खालचा गाळ जास्त बोलतो, म्हणूनच खंदक 'साफ' करायच्या नावाखाली यंत्राने गाळ उपसला की जीव तुटतो. एका दुपारी सातशे वर्षांचं दप्तर जातं.

वाडे सुटले का

१३१५ ते १३१७ मध्ये सतत पाऊस झाला, पिकं गेली, उत्तर युरोपभर दुष्काळ पडला. १३४८ मध्ये प्लेग इंग्लंडात पोचला आणि वर्ष-दीड वर्षात लोकसंख्येचा तिसरा ते अर्धा हिस्सा गेला. शेत तेवढंच राहिलं आणि राबणारे हात निम्मे झाले. मजुरी वाढली. ती पूर्वीच्या दरावर बांधून ठेवायला १३५१ मध्ये कायदा केला गेला, पण माणूसच नसताना कायदा काय करणार? वेठीवर चालणारी मालकाची शेती परवडेनाशी झाली. मालकांनी ती खंडाने दिली, कुठे धान्य सोडून मेंढ्या पाळल्या. एकाच घराण्याकडे चार-पाच मॅनर एकवटले तर राहायला एक वाडा पुरे. बाकीच्यांची देखभाल कोण करणार? छप्पर गळायला लागलं की लाकडी सांगाडा फार तग धरत नाही.

सगळे वाडे प्लेगने रिकामे झाले असं मात्र समजू नये. काहींत शेतकरी कुटुंबं पुढची शतकं राहिली. काही ठिकाणी मालकाने खंदकाबाहेर कोरड्या, मोकळ्या जागी नवं घर बांधलं. गावात 'मोट फार्म' नावाचं शेतघर दिसलं तर त्याच्या मागे जुना चौकोन सापडण्याची चांगली शक्यता असते.

खड्डा इतका कसा टिकतो, हा प्रश्न उरतो. त्याचा एक फार सुंदर प्रयोग विल्टशरमध्ये ओव्हरटन डाउन इथे चालू आहे. १९६० मध्ये तिथे मुद्दाम एक चर खणून शेजारी बांध घातला गेला. ठरवलं असं, की २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी त्याचा एकेक भाग कापून बघायचा. शेवटची पाळी २०८८ मध्ये. खणणारे कधीच गेलेले असतील. पहिल्या काही वर्षांत कडा भराभर ढासळल्या, माती तळाला साठली. मग उतार स्थिर झाला, गवत धरलं आणि बदल अगदी मंदावला. तिथली जमीन खडूची, चिकणमातीची नव्हे, तरी गवताचं काम दोन्हीकडे तेच. भिंतीला दरवर्षी डागडुजी लागते. चराला लागते ती फक्त सुरुवातीची थोडी वर्षं.

त्याला धोका पावसाचा नाही, नांगराचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आणि खोल नांगरट आली, धान्याचं उत्पादन वाढवणं ही राष्ट्रीय गरज ठरली आणि शतकानुशतकं कुरण असलेल्या जमिनी फोडल्या गेल्या. कितीतरी चौकोन तेव्हा सपाट झाले. आज महत्त्वाच्या जागा १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याखाली संरक्षित यादीत आहेत. तिथे परवानगीशिवाय खणणं, भर टाकणं, धातूशोधक यंत्र फिरवणं गुन्हा आहे. पण यादीत सगळे नाहीत. उरलेल्यांचं रक्षण शेतकऱ्याच्या समजुतीवर आहे, आणि ते त्याला नीट समजावून सांगणारं कोणीतरी लागतं.

लंडनच्या वायव्येला हॅरो आणि त्याच्या आसपास राहणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा विषय बस-थांब्याइतका जवळ आहे. हॅरोमधला हेडस्टोन मॅनर हा लाकडी सांगाड्याचा वाडा कँटरबरीच्या आर्चबिशपचा. त्याच्या लाकडाची वर्तुळं १३१० सालाकडे नेतात. १५४६ मध्ये तो आठव्या हेन्रीकडे गेला. आज तिथे हॅरोचं संग्रहालय आहे आणि भोवतीच्या खंदकात खरंच पाणी आहे. पुलावर मधोमध थांबा, मुलांना रुंदी पावलांत मोजायला सांगा, बेट बाहेरच्या जमिनीपेक्षा किती वर आहे ते वाकून पाहा. पुढे कधी गाडीतून जाताना एखाद्या कुरणात गाई चौकोनी घळीत उतरताना दिसल्या, तर पाणी कुठवर भरायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.